अजून नाही

तोओ-आशूच्या घाटात हवा विरळ होत जाते
तसं इंजिनाचं खोटं बाहेर पडतं.
खाली कारा-बाल्टात, माझ्या गॅरेजसमोर,
बेगाइमची होंडा दोनशे घोडे सांगायची.
वरच्या बोगद्याशी पोचेस्तोवर
त्यातले साठेक कुठेतरी चरायला गेलेले असतात.

मी शेजारी. मांडीवर वॉटर पंप,
गोणपाटात गुंडाळलेला, आजारी कोकरासारखा.
पलीकडे, सुसामिरच्या उतरणीवर
तिच्या बापाचा ट्रक सकाळपासून वाफ टाकत उभा,
पाठीवर अख्ख्या हिवाळ्याचं गवत.

ती रस्ता बघत नव्हती, काटा बघत होती.
"सहा हजारांखाली ही ऐकतच नाही," म्हणाली,
आणि सहा हजारांवर आवाजाचा पोतच बदलला,
कुणी जाड कापड टरकन फाडावं तसा.
आठला गिअर. पुन्हा सहा. पुन्हा फाडणं.
मी पंप घट्ट धरला.

मग वळणावर मेंढ्या.
चारशे तरी. आणि चढ असा
की उभं राहणंसुद्धा एक काम.
ती थांबली. निघू गेली. इंजिन मेलं.
पुन्हा. क्लचचा जळका वास.
दीड हजाराला त्या गाडीपाशी
द्यायला काही म्हणजे काही नव्हतं.
मेंढपाळ घोड्यावरूनच म्हणाला,
"शर्यतीचं जनावर आहे हे.
बोकडाच्या धडासाठी खांद्याला खांदा भिडतो
तिथे याला नेऊ नका."
मी उतरलो. ढकललं. तोही उतरला.

गिऱ्हाइकांना मी सांगतो:
पीळ गुणिले फेरे म्हणजे घोडे, बास.
एक कमी पडलं तर दुसरं वाढवा.
तुर्दुबेकच्या ट्रकचे कागदावर दीडशेच,
पण अकराशे फेऱ्यांना, नुसतं पुटपुटत असताना,
त्याच्या दांड्यात असा पीळ भरतो
की डोंगरच थोडा मागे सरकल्यासारखा वाटतो.
गुणाकार दोघांचा जवळजवळ सारखा.
स्वभाव गुणाकारात येत नाही.

पंप बसला तेव्हा ऊन कलतं झालं होतं.
बापाचे डोळे लाल, हात थरथरत.
"ट्रक मी आणतो," म्हटलं.
बेगाइमने होंडाची किल्ली त्याच्यापुढे धरली.
कधी कुणाला दिली नव्हती.

पुढचं तिने रात्री सांगितलं, कुमीस पिताना.
सुसामिरचा सरळ रस्ता. सदुसष्ट वर्षांचा माणूस
दोन हजारांना गिअर बदलायला गेला, सवयीने.
"अजून नाही, अता."
अता म्हणजे बाप.
तीन. "अजून नाही."
चार हजारांना त्याने इंजिन फुटणार म्हणून
खांदे वर घेतले. "अजून नाही, अता."
आणि सहाच्या पुढे, जेव्हा ते कापड फाटलं,
तो मोठ्याने ओरडला. भीतीने नाही.

मी दोन मैल मागे, दुसऱ्या गिअरमध्ये,
गवताखाली दबून येत होतो.
तो आवाज दरीतून माझ्यापर्यंत आला,
आणि मी, तीस वर्षांचा मिस्त्री,
क्षणभर ओळखू शकलो नाही
इंजिन कोणतं आणि म्हातारा कोणता.

सकाळी ट्रक निघाला. मी टायरवर बसून ऐकत होतो.
पहिला. दुसरा.
तिसरा तो दोन हजारांना टाकतो,
मी ऐकतोय तेव्हापासून.
आज एक श्वास उशिरा टाकला.
मागे गवत जरासं हललं.