सत्तावीसला एक

नळाला पाणी पाच दिवसांनी, तेही रात्री दोन-अडीचला.
तोवर जागायचं तर हाताला काहीतरी हवं,
म्हणून मी रूळ टाकते.
साखर पेठेतल्या दहा बाय बाराच्या खोलीत
इंग्लंडातली एक रेल्वे, स्टेशनामागून स्टेशन.

दिवसा टॉवेलांची बिलं करते:
इतके डझन, इतके जीएसएम, कंटेनर नंबर अमुक.
रात्री कॉम्प्युटरवर एका जुन्या नकाशाचं स्कॅन उघडते,
त्याला मधोमध घडी पडलेली
आणि त्या घडीत नेमका बोगदा गेलेला.

ओल्डहॅमच का, विचारतात ऑफिसातले.
आमचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून
खाली एक बिडाची पाटी लावलेली असते,
मिल मोडली तेव्हा नानांनी भंगारातून उचललेली.
तिच्यावर ते नाव आहे, उठावाच्या अक्षरांत.
लहानपणी मी ती बोटानं गिरवली.
इंग्रजीतला ओ मला आधी लोखंडाचा कळला, गार.
मग शाळेतला, खडूचा.

तिथला चढ सत्तावीसला एक.
म्हणजे सत्तावीस पावलं चालावीत तेव्हा एक पाऊल वर.
होटगीकडच्या सपाटीवर वाढलेल्या डोळ्यांना
ते पटेना.
चार रात्री त्याच जागी रूळ तुटत राहिला,
इंजिन हवेत लटकायचं
बाभळीत अडकलेल्या पतंगासारखं.

आणि हिरवा. कुठला हिरवा?
माझ्याकडे ज्वारीचा आहे, कडुलिंबाचा आहे,
कंबर तलावातल्या शेवाळाचा आहे.
तिथला थंडीतला ओला हिरवा मी फोटोवरून उचलला,
त्यात थोडी राख कालवली.
मेंढ्या म्हणजे एकाच मेंढीच्या सव्वाशे प्रती,
सगळ्या पश्चिमेला तोंड करून.
कालवा भरताना मात्र हात सैल सुटला:
एका क्लिकला मैलभर पाणी,
ना टँकर, ना मोटर, ना भांडण.

नाना मागं खाटेवर.
चिप्पा राजेशम, लूम खातं, तिसरी पाळी.
मिल जाऊन इतकी वर्षं झाली,
रात्रीची झोप काही परत आली नाही.
एकदा चष्मा पुसून म्हणाले, हे गाव कुणाचं?
म्हटलं, तुमचा माग ह्याच गावात ओतलेला, नाना.
उठून बसले. बिडी विझवली.
खुर्ची स्क्रीनजवळ ओढून चिमण्या मोजल्या. तेवीस.
मग परत मोजल्या.
म्हणाले, एवढ्या मिली, आणि भोंगा कुठाय?
नुसती गाडी येऊन काय करील?
भोंगा झाल्याशिवाय माणूस बाहेर पडंल का?

भोंगा मी टाकलाच नव्हता.
फोल्डरमध्ये इंजिनाच्या शिट्ट्या सतरा प्रकारच्या,
गार्डाची वेगळी, मेंढीचं बें सुद्धा.
भोंगा नाही.

थांब, म्हणाले. दोन्ही पंजे तोंडाभोवती धरले.
मी मोबाईल पुढं केला.
त्यांनी तो बेंबीपासून काढला,
आधी खोल, मग चढत, चढत,
मान थरथरायला लागेपर्यंत चढत.
सिद्रामप्पांचं कुत्रं भुंकलं.
वरच्या मजल्यावरनं गड्डम आजीनं
झोपेतच तेलुगूत विचारलं, पहिला का दुसरा?
दुसरा, नाना म्हणाले,
आणि खोकले.

खोकला मी कापला नाही.
आता त्या गावात सकाळी सातला,
धुक्यात, चाळीस टक्के पावसात,
सोलापूरचा भोंगा होतो, शेवटी खोकतो,
आणि चढ चढून गाडी येते, रिकामी.
माणसं मला अजून जमत नाहीत.
चालायला लागली की गुडघे मागं वळतात.

हे नानांना सांगत होते
तेवढ्यात नळ गुरगुरला.
आधी घागर लाव, म्हणाले.
इंग्लंड कुठं पळून जात नाही.