विमान छाप

उजळाईवाडीच्या फाट्याला आमचं परमिट रूम.
विमानतळ तिथून दोन किलोमीटर,
पण विमानातनं उतरून थेट आमच्याकडं
आजवर कोणी आलेलं नाही.
येतात ते गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतले,
भट्टीपुढं उभं राहून भुवया करपलेले,
बूट बाहेर झटकून आत येणारे.

फळीवर मात्र सगळं आभाळच.
'नाइट फ्लाइट' ब्रँडी, काळ्या लेबलावर लुकलुकता एकच दिवा.
'को-पायलट' व्हिस्की, गॉगलवाला, मिशी पैलवानाची.
'टेकऑफ' जिन कोण मागत नाही, तिच्यावर धूळ साचते.
आणि खालच्या खणात, हाताला पटकन लागेल अशी,
जिच्यावर आमचं भाडं निघतं ती रम:
विमान छाप.

लेबलावरचं विमान गजबर मुल्लाणीनं काढलेलं.
एरवी त्याचा ब्रश ट्रकच्या फाळक्यावर,
कुस्तीच्या बोर्डावर, उसाच्या ट्रॉलीवरच्या मोरावर.
कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं,
विमान पाहिजे, परवा पाहिजे.
गजबर सायकल मारत धावपट्टीपर्यंत गेला.
तेव्हा तिथं शेरडं चरत होती.
दिवसभर कुंपणाला टेकून बसला,
भडंग संपलं, विमान आलं नाही.
मग धाकट्या पोरीचं पत्र्याचं खेळणं
चिमणीजवळ धरून काढलं,
जोतिबाच्या यात्रेतलं, लाल शेपटाचं,
आणि दिसलं तसं काढायची सवय
म्हणून पोटाची किल्लीही काढली.

साहेब म्हणाले, हे दाराचं हँडल काय?
गजबर म्हणाला, व्हय.

आमच्याकडं दोनच क्रियापदं चालतात:
चढली. उतरली.
पहिलं रात्री, हसत.
दुसरं सकाळच्या भोंग्याला, न बोलता.
उतरणारं विमान कुठल्या कंपनीनं छापलेलं
मी तरी बघितलं नाही.

गजबर स्वतः पीत नाही.
डोळ्याच्या पडद्यासाठी लेकीनं
हैदराबादचं तिकीट काढलं, त्या दिवशी
रिक्षा आमच्या दारात थांबवून
त्यानं एक सोडा मागितला, आणि एक रिकामी बाटली.
मी लेबल कोमट पाण्यात भिजवून
अलगद सोडवून दिलं.
तिकिटाच्या घडीत ठेवलं त्यानं, ओलंच.
आठवड्यानं परत आला, एका डोळ्याला पट्टी.
कसं होतं, विचारलं.
म्हणाला, "पंखावर लिवलंय, हितं पाय ठेवू नगा.
अक्षर लई वंगाळ."

यंदा कंपनीनं लेबल बदललं.
चकचकीत जेट, चंदेरी कडा, कॉम्प्युटरवर काढलेलं.
रम तीच, मळी तीच, किंमत बारा रुपये जास्त.
पहिल्याच रात्री पिरगोंडा मगदूम,
सतरा वर्षांत माझ्याशी चखण्यापलीकडं न बोललेला,
क्वार्टर उजेडाला धरून बसला,
फिरवली, पुन्हा फिरवली,
आणि न उघडता माझ्या हातात परत दिली.
"बदलून दे, भावा.
हिची किल्ली कुठाय?"

मी म्हणालो, पिरगोंडा, तुला ठाऊक होतं?
शेजारच्या टेबलावरचे चौघं माझ्याकडं बघायला लागले,
जसं काही मी विचारलं होतं
पंचगंगेत पाणी असतं का.

मागच्या खोलीत, खोक्यांच्या तळाशी,
जुन्या लेबलाच्या नऊ बाटल्या निघाल्या.
एक पिरगोंडापुढं ठेवली.
बाकीच्या कुणाला देणार, ते सांगत नाही.
संध्याकाळचं विमान कौलांवरनं गेलं,
ग्लास जरा किणकिणले,
कोणी वर बघितलं नाही.
पिरगोंडानं फक्त अंगठा आणि बोट लेबलावर टेकवलं
आणि हळूच
दोन पीळ दिले.