नऊ पाचचा खेळ

तुर्भ्याच्या मार्केटात रात्रभर मी ट्रक जोखतो.
भरलेला एकदा, रिकामा एकदा,
मधला फरक म्हणजे माल.
सकाळी सातला काटा दुसऱ्याच्या हवाली करून
आंघोळ, उसळपाव,
आणि वाशीला नऊ पाचचा खेळ.
तिकीट स्वस्त. गर्दी नाही.
सगळ्यांच्या वाटणीची थंडी मात्र आपल्यालाच वाजते.

सोबत सदानंद मढवी, कोपरखैरण्याचा.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर त्याची चार मजली उभी आहे,
म्हणून तिकीट तो काढतो,
मत मी देतो.

परवा मारामारीचा पाहिला.
हिरोने एका हाताने ट्रक थांबवला.
मागच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.
मी म्हटलं, मढवी, ट्रक रिकामा आहे.
तो म्हणाला, ताडपत्री बांधलीय की.
ताडपत्री कुणीही बांधतं. पाटे बघ.
पंधरा टन कांदा चढला की पाटे सरळ होतात,
हे बघ कसे भुवईसारखे वर.
त्यानंतर दोन तास
मला त्याची एक गोळी पटली नाही,
आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला, तेही नाही.
मढवी झोपला होता.
उठून म्हणाला, कोण मेलं?
म्हटलं, सगळे. आपण दोघं सोडून.

त्याच्या आधीचा खुनाचा.
पहिल्या वीस मिनिटांत जो सगळ्यांना पाणी विचारतो
तोच खुनी, हे मी तिथंच सांगितलं.
पोलिसांना पावणेतीन तास लागले.
धुकं फुकट. पियानो फुकट.
रेनकोटवाला माणूस तर कशासाठी होता
ते त्यालाही माहीत नसावं.
पण एक कबूल करतो.
खुनी घरी येतो, हात धुतो, नळ बंद करतो,
दारापर्यंत जातो,
आणि थेंब ऐकून परत येतो, नळ पुन्हा पिळतो.
बस, एवढंच.
माझ्या घशाला कोरड पडली.
त्या दिवशी घरी मी आमचा नळ दोनदा पिळला.
बायको म्हणाली, वॉशर खराब करशील.

तिसऱ्या सिनेमाला आम्ही तिघं.
मी, मढवी, आणि मांडीवर डबा घेतलेली एक बाई.
दारावरचा पोरगा म्हणाला, चौघांशिवाय लावत नाहीत.
मढवीने रिकाम्या खुर्चीचं तिकीट काढलं.

गोष्ट काय, तर बाप चष्म्याचं दुकान विकतो.
झालं. एवढीच.
मुलगा स्टुलावर चढून पाटी उतरवतो,
आणि पाटीमागे भिंतीवर
जुना हिरवा रंग निघतो, चौकोनी, ताजा.
बाप बघतो. म्हणतो, हा मी निवडला होता.
संगीत नाही. एसीचा आवाज तेवढा.

तसा मध्ये फार रेंगाळतो.
बहिणीच्या लग्नाचा भाग सरळ कापायला हवा होता.
आणि शेवटी समुद्र.
हल्ली ज्याला शेवट सुचत नाही
तो समुद्र दाखवतो.
हे सगळं मी मध्यंतरातच बोलायला घेणार होतो,
पण मढवी जागा होता,
मका आणायलाही उठला नव्हता.

बाहेर सरकत्या जिन्यावर म्हणाला,
आमचे मिठागराला पाटीच नव्हती रे.
उतरवाचं काय?
मी खिशातली पार्किंगची पावती शोधत राहिलो.
ती बाई आमच्या मागेच होती,
डबा तसाच, न उघडलेला.

रविवारपर्यंत तो उतरला.
त्याच्या जागी पुन्हा मारामारीचा लागलाय,
पोस्टरवर भला मोठा ट्रक.
शुक्रवारी जाऊच.
पाटे बघायचेत.