रंगसूत्र

दांडियाबाजारातून दुकान बंद करून येतो
तेव्हा शाल्मली जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून बसलेली असते.
बारावी, गुजराती माध्यम.
प्रश्न ती गुजरातीत वाचते,
वाद माझ्याशी मराठीत घालते.

‘मामा, आपल्यात गुणसूत्र म्हणतात ना?
यांच्या पुस्तकात रंगसूत्र.’
बरोबर आहे यांचं.
माझ्या सूत्रातला नेमका रंगच निसटलाय.

प्रश्न सातवा: एका रंगांध पुरुषाची बहीण
सामान्य दृष्टीची आहे. तिचा नवराही.
त्यांची मुलगी वाहक असण्याची शक्यता किती?
(पुस्तकाला आमच्या घरचा पत्ता कोणी दिला?)

ती आकृती काढते. पुरुष चौकोनी, बायका गोल,
लग्न म्हणजे एक आडवी रेघ.
माझा चौकोन पेन्सिलीनं भरते, जरा जपून,
दुखेल की काय अशा हातानं.

दुखत नाही गं.
दुखलं होतं तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो,
प्रतापनगरला, रेल्वेच्या डॉक्टरसमोर.
ठिपक्यांच्या पानात सगळ्यांना दिसणारा आकडा
मला दिसेना, म्हणून अंदाजानं ‘आठ’ म्हणालो.
डॉक्टरनं पुस्तक मिटलं. आठ नव्हता.
तेव्हापासून रंगीत पेन्सिली विकतो.
नावं छापलेली असतात, चालून जातं.
फक्त एखादं पोर झिजलेला तुकडा घेऊन येतं,
‘अशीच द्या’ म्हणतं,
तेव्हा मालकाला हाक मारावी लागते.

‘पणजोबांचा चौकोन भरू की रिकामा ठेवू?’

मला कसं ठाऊक असणार.
ते नवसारीला कारकून, मी पाहिलेसुद्धा नाहीत.
पण आई सांगायची,
हिरवं मागितलं की अण्णा विटकरी लुगडं आणायचे,
आणि आजी त्या दुकानदाराला शिव्या घालायची.
तीस वर्षं बिचाऱ्यानं
दुसऱ्याच्या डोळ्यांचं खापर आपल्या डोक्यावर घेतलं.

भर, मी म्हणतो. भरून टाक.
म्हणजे तुझी आजी वाहकच. गोलात टिंब दे तिच्या.

आई, जी थंडीत वाटाणे सोलताना
माझं ताट न बोलता आपल्यापुढे ओढायची
आणि पिवळे पडलेले वेचून टाकायची.
हे तिच्यातून आलं, हे तिला कोणी सांगितलं नाही.
बरं झालं.
उगाच माझी माफी मागत बसली असती.

पुढच्या पानावर मेंडेलचे वाटाणे आहेत, तिनास एक.
मला चारही सारखे.

‘पाव,’ शाल्मली उत्तर लिहिते. मग पेन थांबतं.
‘म्हणजे मी पाव?’
माणूस पाव नसतो गं.
तू आहेस किंवा नाहीस,
पुस्तकाला ठाऊक नाही, एवढंच.
आतून ताईच्या भांड्यांचा आवाज मघापासून बंद आहे.

शेवटचा प्रश्न बाईंनी स्वतः घातलाय:
विश्वामित्रीतली अन्नसाखळी काढा.
शेवाळ, मासा, बगळा, मगर.
मगर काढून घेतली तर काय होईल?

‘मामा, काळाघोड्याच्या पुलावर, आठवतं?’
आठवतं. ती पाच वर्षांची, माझ्या खांद्यावर.
कठड्याला ही गर्दी, सगळे बोटं दाखवतायत
आणि कुणालाच धड काही दिसत नाहीये,
नुसता हिरवा काठ, झुडपं, चिखल.
मी म्हणालो, ती काय तिथं, जबडा वासून पडलीय.
लोक माझ्याकडेच बघायला लागले.
ती हलली तेव्हा कुठे पटलं त्यांना.
हिरव्यात लपली होती बिचारी,
आणि माझ्याकडे हिरवंच नव्हतं,
लपणार कुठे?

शाल्मली ‘अनुकूलन’ खाली काहीतरी खरडते,
हातानं झाकून.
‘बाई मार्क कापतील,’ मी म्हणतो.
‘कापू देत.’

मग वही माझ्याकडे सरकवते.
‘तपास. लाल पेन घे.’
डब्यात चार पेनं आहेत.
मी एकेकाच्या टोपणावरचं नाव वाचत जातो.