ब्रोकाचा वाटा

डुलुथला, मार्लिसच्या तळघरात,
टेबल टेनिसच्या टेबलावर आम्ही ड्रॅगन मारला
रात्री पावणेदहाला.
बाहेर उणे सव्वीस. खनिजाची जहाजं बंदरात
बर्फात रुतून उभी.
आत भट्टी घरघरत होती आणि वॉशिंग मशीनमध्ये
मार्लिसच्या आईचे हॉस्पिटलचे गणवेश फिरत होते.

ड्रॅगनला लागला एक तास.
वाटणीला तीन शनिवार.

व्हर्लिननं पुठ्ठ्याच्या पडद्याआडून यादी वाचली
(पडद्याआड तो देव, एरवी बुटांच्या दुकानात):
मोहरा चार हजार तीनशे बारा,
झगा एक, रंग सांगता येत नाही असा,
आरसा, तडा गेलेला,
माणकं दोन.
दोनच? ड्वाइटनं विचारलं.
दोन, व्हर्लिन म्हणाला, माझ्याकडे न बघता.

तिसरं माझ्या बुटात होतं.
मी चोर होते. पाऊल मऊ, बोटं लांब.
टेबलाखालून चिठ्ठी सरकवली होती:
'बाकीचे जखमा बांधताहेत तोवर एक उचलते.'
फासा पडला सतरा.

झगा मला, ड्वाइट म्हणाला, जादूगार मी एकटा.
घाव मी शिवले, मार्लिस म्हणाली,
तेव्हा तुमचे निम्मे हातपाय माझे, त्यांचं काय ते बोला.
मोहरा वाहणार कोण? खेचर तर ड्रॅगननं खाल्लं.
खेचराची भरपाई कुणी द्यायची
यावर एक अख्खा शनिवार गेला,
खेचराला नाव होतं की नाही यावर अर्धा तास.

पण घोडं पेंड खात होतं दुसरीकडेच.
एइनोचा बुटका, ब्रोका, दारात मेला होता,
दार धरून, आम्ही आत शिरेपर्यंत.
मेलेल्याला वाटा नसतो, ड्वाइट म्हणाला,
आणि ब्रोकाचं शिरस्त्राणही त्यानं यादीत चढवलं.
टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच,
आणि बोट माझंही त्यात होतं.

त्याचा वाटा बहिणीला द्या, एइनो म्हणाला.
कुठली बहीण?
आहे. खाणीच्या गावात पाव भाजते. पोरं तीन.
आजवर कधी बोलला नाहीस.
कुणी विचारलं नाही.
ही तू आत्ता बनवलीस!
इथलं सगळंच आत्ता बनवलेलं आहे,
व्हर्लिन पडद्यावरून डोकं काढून म्हणाला,
ड्रॅगनसुद्धा.
मशीन थांबलं. कुणीच उठून गणवेश काढले नाहीत.

एइनो दर शनिवारी वेलचीचा पाव आणायचा,
तुपकट डागांच्या कागदी पिशवीत.
हातानंच तोडायचा, पाच तुकडे,
आणि त्यावरून भांडण कधी झालं नाही.
तो कोण भाजतं,
तेही कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी अर्धा वाटा. हात वर झाले तीन,
ड्वाइटचा खिशात.
पिवळ्या कागदावर मार्लिसनं लिहिलं:
ब्रोकाची बहीण, मोहरा ४३१. नाव?
पुढच्या वेळी सांगतो, एइनो म्हणाला.
पुढच्या वेळी बर्फ फुटलं होतं
आणि तो जहाजावर चढला होता, भटारखान्यात.

आईचं घर रिकामं करताना मार्लिसनं
परवा खोकं पाठवलं. टपालखर्च माझ्यावर,
त्यावर मात्र आम्ही वाद घातला नाही.
पिवळा कागद त्यात आहे. प्रश्नचिन्हापुढे कोरा.
आणि खाली माझ्या चोराचं पान,
मागच्या बाजूला पेन्सिलीनं, बारीक:
माणिक १, डावा बूट.
शिसं पुसट झालंय, पण दाबून लिहिलेलं,
बोट फिरवलं की लागतं.

भाव व्हर्लिननं चिठ्ठीवरच लिहून दिला होता, पाचशे.
विकायचं तर बाजारात नेताना बाकीच्यांनी पाहिलं असतं,
म्हणून विकलं नाही.