संशयित रीडिंग

बोरखडीच्या फाट्यावरून आत, शाळेला लागून,
सुकेशनी खंडारेचं सेतू केंद्र.
सातबारा, जातीचा दाखला, पीक विम्याचे फॉर्म,
खिडकीत कूलर, कूलरला ओल्या वाळ्याचा वास.

दर महिन्याला मी इथे मोबाइल धरतो
मीटरच्या तोंडापुढे,
डॉक्टर जीभ बघतो तसा.
दोनशे अठ्ठेचाळीस. दोनशे एकावन्न.
गेल्या मे महिन्यात तर तीनशे तेरा.
आणि या एप्रिलात
एकाहत्तर.

आमच्या धंद्यात आकडा असा पडला
की माणूस आधी वर बघतो, तारेकडे.
मग मीटरच्या सीलकडे.
मग मालकाच्या डोळ्यांकडे.
अठरा वर्षांत काय काय पाहिलं,
मीटरला चिकटवलेली चुंबकं,
कॅलेंडरमागून गेलेली दुसरी वायर,
एकदा तर देव्हाऱ्यामागून.

म्हणालो, ताई, आतून बघायचं आहे.

ती उठली नाही.
एका आजोबांचा अंगठा मशीनवर टेकवत होती.
झिजलेला अंगठा,
तीनदा नाही म्हणालेलं मशीन.
चौथ्यांदा हो म्हणालं, तेव्हा म्हणाली,
"या ना दादा. चोरी हुडकाले आले ना?
हुडका. कपाटामागंही पाहून घ्या."

टेबलावर चार चौकोनी डाग होते,
सनमायका तेवढाच नवा राहिलेला.
तिथली चारही डबडी गेली होती,
ती घरघरणारी,
ज्यांच्या मागे हात धरला तर भाकरी शेकावी अशी.
बारीक स्क्रीनच्या पाठीला आता
जेवणाच्या डब्याएवढं काहीतरी लटकलेलं.
मी कान लावला.
काहीच नाही.
चालू आहे का हे?
"तुमाले ऐकू येत नाही म्हून बंद हाये का?"

मग तिनं वही काढली.
दोनशे पानी, मागून सुरू केलेली.
भाच्याच्या आयटीआयमधून वॅट मोजायचं यंत्र आणून
एकेकाला लावलं होतं, आठवडाभर.
जुनं डबडं, काचेच्या टीव्हीसकट: दोनशे दहा.
नवं, स्क्रीनसकट: चौतीस.
प्रिंटर छापताना इतकं, नुसता बसला तर इतकं.
खाली लाल पेननं, दोनदा अधोरेखित:
झोपल्यावरही खाते.

"तेच तर मले मालूम नव्हतं, दादा.
स्क्रीन काळी झाली का म्या समजो, झोपलं बिचारं.
थे रातभर घास घेत बसे.
आता जाताना बोर्डावरचं बटणच पाडतो.
अन् खोली तापत नाही तं कूलरही बारानंतरच."

नवी नाहीत ही. नागपुरात कुण्या बँकेनं
काढून टाकली होती, हिनं घासून भाव केला.
पैसे बिशीतून उचलले.
किती महिन्यांत फिटतील तेही वहीत आहे,
पण ते पान तिनं उलटू दिलं नाही.

फक्त बोका रुसला आहे.
आख्खा पूस त्यानं जुन्या टीव्हीच्या पाठीवर काढला होता.
नव्या स्क्रीनच्या काठावर
तो अजून रोज एकदा चढून बघतो,
पडतो,
आणि आपण पडलोच नाही असा चालू लागतो.

बाहेर येऊन मी अ‍ॅप उघडलं. शेरा भरा:
दार बंद. मीटर बंद. काच फुटलेली. संशयित.
हिशोबानं वापर कमी, असा रकाना
कुणी केलेलाच नाही.
मी 'नॉर्मल' दाबलं.
नॉर्मल तर काहीच नव्हतं.

गाडीला किक मारली तोच ती मागून आली,
हातात मागचं बिल, बोट एका ओळीवर.
"युनिट उतरले, कबूल.
पण हा स्थिर आकार जिथल्या तिथंच काऊन?
याले कोणता कॉम्प्युटर बसवू?"

मी वर बघितलं,
सवयीनं,
तारेकडे.