न घेतलेलं प्यादं

हिवाळ्यात व्होल्गा गोठली की बोटी बंद,
मग समाराच्या धक्क्यावर, तिकीटघरामागच्या खोलीत
खारिस-अबींची शिकवणी.
त्यांच्या पटात एक काळं प्यादं कमी होतं,
वजिराकडच्या घोड्यापुढचं.
त्याच्या जागी खोकल्याच्या औषधाचं बूच.
आम्हाला वाटायचं, म्हणूनच हा माणूस
तिसऱ्याच चालीला नेमकं तेच
देऊन टाकायला शिकवतो.

"द्यायचं, आणि हिशेब मागायचा नाही.
एक प्यादं जातं, दोन रस्ते उघडतात,
हत्तींना अंगण मिळतं.
घेणारा पोटभर खाऊन बसतो
आणि मग त्याला उठता येत नाही."

नोव्हेंबरपासून मी तेवढंच घोकलं.
प्याद्यानं घेतलं तर हे, मग पुन्हा घेतलं तर ते.
एक वही भरली, दुसरी अर्धी.
आई म्हणायची, रुशानिया, दिवा मालव.
मी अंधारात देत राहायचे.

मार्चमध्ये सिझ्रानला स्पर्धा.
समोर झाखार लुकोम्स्की, दहा वर्षांचा,
स्वेटरच्या कोपराला भोक, नाक वाहतंय.
तिसरी चाल.
बूच (नाही, इथं खरं लाकडी प्यादं होतं)
दोन घरं पुढे सरकवलं, घड्याळ दाबलं.

त्यानं पाहिलं.
नाक पुसलं. पुन्हा पाहिलं.
आणि घोडा बाहेर काढला,
दूध आणायला निघाल्यासारखा.

घे ना.

घे रे, पाच महिने झाले
तुझ्यासाठी राखून ठेवलंय.

ते तिथंच उभं,
पाहुण्यानं न शिवलेल्या ताटासारखं.
आता नुसतं सोडून देणं जिवावर आलं.
मागे एक प्यादं टेकू म्हणून लावलं,
मग हत्ती,
मग लाज सोडून वजीरसुद्धा.
चार तास, जे द्यायला आले होते
त्याचीच राखण करत बसले.

बरोबरी.
झाखारनं हात पुढे केला, ओलसर,
आणि विचारलं, उपाहारगृह कुठं आहे.

परतीच्या बसमध्ये अबी म्हणाले, "घेतलं?"
"नाही."
"माझ्या धाकट्यानंही नाही घेतलं."
कोणत्या धाकट्यानं, काय, ते नाही सांगितलं.
टोपी हातात फिरवत राहिले
थेट धक्का येईपर्यंत.
नदीत बर्फ तडकत होता.

खोलीत पट मांडताना
मी ते बूच नाकाशी धरलं.
अजून वास होता.
त्याच्या घरात ठेवलं.
अबी म्हणाले, पांढरी तू घे आज.